हलका लॅपटॉप, पण दम असलेला: आधी बॅग काट्यावर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला सांगलीत विश्रामबागला, नोकरी पुण्याच्या कंपनीत. आठवड्यातले दोन दिवस तिकडे, बाकीचे घरून. दिवसभर डिझाइनचं काम, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग, आणि रात्री जेवणं आटोपली की व्हॅलोरंट नाहीतर सायबरपंक हे गेम. आत्ताचा लॅपटॉप २०२० सालचा, १५.६ इंची, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स चिपवाला, झाकणाची बिजागरी मोडलेला. तो पाठीवर टाकून एसटीने जाऊन जाऊन खांदा धरलाय. बजेट १ लाख १० हजार. वडिलांचं म्हणणं, "हलकं ते तकलादू, जरा वजनदारच घे." आणि जाता जाता विचारलंय की जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू का.

मी सांगलीत एकोणीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. विकत नाही. त्यामुळे कुठल्या कंपनीचं नाव घेतलं म्हणून मला दोन पैसे सुटत नाहीत, पण माझी नजर थोडी वाकडी झालेली आहे हेही सांगून ठेवतो. शोरूममध्ये लॅपटॉप नवरदेवासारखा उभा असतो. माझ्याकडे येतो तो तीन वर्षं संसार करून.

आधी एक करा. शेजारच्या किराणा दुकानात जा आणि तुमची बॅग काट्यावर ठेवा, जशी स्वारगेटच्या गाडीत चढवता तशीच. तुमच्या वर्गातला लॅपटॉप २.२ ते २.३ किलोचा असतो, चार्जर आणि त्याची जाड वायर मिळून अर्धा किलो. आता जाहिरात बघा. ‘फक्त १.६ किलो’ असं लिहिलेलं असतं ते चार्जर सोडून. मोठ्या गेमिंग लॅपटॉपचा २४० वॅटचा चार्जर एकटाच पाऊण किलोच्या घरात जातो, आणि आकार विटेचा. खांद्याला जे लागतं ते वजन डब्यावर छापलेलंच नसतं. माझा साधा हिशेब असा आहे: लॅपटॉप आणि रोज सोबत न्यायचा चार्जर मिळून दोन किलोच्या आत बसला तर त्याला हलका म्हणायचं. चार्जरकडे मी परत येणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आता ताकद. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप जेवढी वीज खातात ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या लागतात, बारीक पत्र्यांच्या जाळ्या लागतात, पंखे लागतात, हवेला वाट लागते. या सगळ्याला वजन असतं आणि जाडी असते. दीड किलोचा चांगला १४ इंची लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून सलग साधारण ८० ते ११० वॅट झेपवतो. अडीच किलोचा धटिंगण आरामात १५० च्या पुढे जातो. पण दोघांच्याही डब्यावर नाव एकच असू शकतं, ‘आरटीएक्स ४०६०’.

इथे भलेभले फसतात. लॅपटॉपमधली ४०६० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवर चालवायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पूर्वी कमी वॅटवर चालणाऱ्या चिपला ‘मॅक्स-क्यू’ अशी वेगळी पाटी असायची, म्हणजे निदान कळायचं तरी. २०२१ पासून ती पाटी निघाली आणि आकडा बारीक अक्षरांत गेला. कंपनीच्या संकेतस्थळावर स्पेसिफिकेशनच्या तळाशी ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ असं शोधा. तिथे नसेल तर विक्रेत्याला विचारा. तो "सर, आरटीएक्स आहे ना" असं उत्तर देईल तर नमस्कार करून बाहेर पडा.

पण आकडा कळला म्हणून दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. वॅट निम्मे झाले म्हणून गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम निम्म्या होत नाहीत. चरकात ऊस तिसऱ्यांदा घातल्यावर जेवढा रस निघतो, तेवढंच काम शेवटच्या वीस-तीस वॅटांतून निघतं. म्हणून दीड-पावणेदोन किलोच्या लॅपटॉपमध्ये ७५ ते ९० वॅटची ४०६० मिळाली तर ती उत्तम समजा. त्याच शरीरात कुणी ११५ चा दावा करत असेल तर पंखा कानाशी विमानासारखा वाजेल, एवढं गृहीत धरा.

आपल्याकडचा आणखी एक घोटाळा. यूट्यूबवर जे तपासून दाखवतात ते बहुतेक एसीच्या खोलीत, बावीस-चोवीस अंशांत. सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि घरात पंख्याखाली ३४-३५ अंश सहज असतात. खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही जवळपास तेवढ्याच अंशांनी वर जाते. आधीच नव्वदीत असलेली चिप मग शंभराला भिडते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं, "हिवाळ्यात झकास चालतो, उन्हाळ्यात हँग होतो, व्हायरस आहे का बघा." व्हायरस कसला, मे महिना आहे.

म्हणून लॅपटॉप घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत, एका दुपारी एसी न लावता तपासा. ‘सिनेबेंच’ हे प्रोसेसर जोखणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते दहा मिनिटं सलग चालवा. पहिला गुण आणि दहाव्या मिनिटाचा गुण यांत पाच-दहा टक्क्यांचा फरक चालेल. पंचवीस-तीस टक्के पडला तर तो लॅपटॉप पहिल्या दोन मिनिटांपुरता पैलवान आहे. नंतर अर्धा तास तुमचा नेहमीचा गेम खेळा आणि हात डब्ल्यू-ए-एस-डीच्या बटणांवर ठेवून बघा. किबोर्डखाली भाजतंय का, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

धुळीचंही सांगतो, कारण हलक्या लॅपटॉपला ती जास्त बाधते. पातळ शरीरात जाळीच्या पट्ट्या फार जवळजवळ असतात, केसाइतक्या फटीतून हवा जाते. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरचा लॅपटॉप मी दरवर्षी उघडतो. आत पंखा आणि जाळी यांच्यामध्ये पिवळ्या नमद्यासारखा थर बसलेला असतो, उचलला तर अख्खा निघतो. कुपवाडच्या एमआयडीसीतून येणाऱ्यांत तोच थर काळा. तुमच्या घरी एवढं होणार नाही, पण गादीवर ठेवून गेम खेळलात तर कापसाचा होईल. वर्षाला एकदा मागचं झाकण काढून पंखे साफ करणं आणि दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता नळ्यांकडे नेणारा लेप, बदलणं हा हलक्या लॅपटॉपचा खर्चच धरा. एक सावधगिरी मात्र घ्या. काही महागड्या मॉडेलांत पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते विजेचं वाहक आहे. थेंब बाजूला ओघळला तर बोर्ड शॉर्ट होतो. उघडणाऱ्याला आधी विचारा की यापूर्वी हे हाताळलंय का.

आता तो चार्जर. तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली: खेळता तुम्ही घरी, प्रवासात नाही. गेमिंगची पूर्ण ताकद तशीही भिंतीतल्या प्लगशिवाय मिळत नाही. बॅटरीवर ग्राफिक्स चिपला आखडता हात घ्यावा लागतो, आणि ७० वॅट-तासांची बॅटरीसुद्धा गेममध्ये तासाभरात आटपते. मग तो जड चार्जर पुण्याला नेऊन उपयोग काय? तो सांगलीतल्या टेबलाला कायमचा जोडून ठेवा. बॅगेत टाका ६५ किंवा १०० वॅटचा टाइप-सी चार्जर, गॅन (गॅलियम नायट्राइड) प्रकारचा, मुठीत मावणारा, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. ऑफिसचं डिझाइन, ब्राउझर, मीटिंग याला तो पुरून उरतो, आणि फोनही त्यावरच चार्ज होतो. म्हणून माझी पहिली अट प्रोसेसरची नाही. लॅपटॉप टाइप-सी पोर्टमधून ‘पॉवर डिलिव्हरी’ने चार्ज झालाच पाहिजे. नुसता टाइप-सी पोर्ट दिसला म्हणून हुरळू नका. कित्येक स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत तो फक्त डेटासाठी असतो. या एका अटीमुळे तुमच्या खांद्यावरचे तीनेकशे ग्रॅम उतरतात आणि त्याला वेगळे काही हजारच लागतात.

बॅटरीचा हिशेबही एवढाच सोपा आहे, ‘१२ तास’ वगैरे वाचायची गरज नाही. बॅटरी किती वॅट-तासांची आहे ते बघा आणि वापराने भागा. साध्या कामाला लॅपटॉप साधारण दहा-बारा वॅट खातो. ७२ वॅट-तासांची असेल तर सहा तास, ५० ची असेल तर चार. ग्राफिक्स चिप झोपलेली नसेल तर हाच आकडा निम्म्यावर येतो. म्हणून प्रवासात सेटिंगमधून ती बंद ठेवता येते का ते पाहा. घरी कायम प्लगला असतो तेव्हा चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती चालू करा. सतत शंभर टक्क्यांवर आणि गरम राहून फुगलेल्या बॅटऱ्या मी इतक्या पाहिल्यात की टचपॅड जरा वर आलेला दिसला तरी ओळखतो.

प्रोसेसरच्या बाबतीत नावापेक्षा शेपूट वाचा. आय७ म्हणजे आय५ हून भारी, हा समज अजून सुटत नाही. आय७-१३५५यू आणि आय५-१३४२०एच हे दोन शेजारी ठेवा. पहिला १५ वॅटच्या वर्गातला, त्यात मोठे कोअर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच. दुसरा ४५ वॅटचा, मोठे कोअर चार. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की आय५ पुढे निघून जातो. शेवटी ‘यू’ असेल तर बॅटरी आणि गारवा, ‘एच’ किंवा ‘एचएस’ असेल तर दम, इंटेलचा ‘एचएक्स’ असेल तर तो जड लॅपटॉपचाच माल. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. रायझन ७ ७७३०यू मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे आत झेन ३ ही २०२० सालची रचना. ७८४०एचएस मध्ये ४, म्हणजे झेन ४. नाव दोघांचंही रायझन ७. इंटेलच्या २०२४ मधल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते, आणि शेवटचा आकडा ८ असेल तर ३२ जीबी, ६ असेल तर १६. हे तीन चुटके लक्षात ठेवले तरी सेलच्या गर्दीत निम्मी मॉडेलं गळतात.

रॅमवर जरा थांबायला हवं. दीड किलोच्या आसपासच्या जवळपास सगळ्या दमदार लॅपटॉपांत रॅम बोर्डला सोल्डर केलेली असते. नंतर वाढवता येत नाही. मीही वाढवून देऊ शकत नाही. दर महिन्याला एक तरी जण आठ जीबीवाला पातळ लॅपटॉप घेऊन येतो आणि "सोळाची करून द्या" म्हणतो, आणि मला त्याच्या तोंडावर नाही म्हणावं लागतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर, वीस टॅब, टीम्स आणि शेजारी एडिटिंग, याला १६ जीबी आज पुरते, पण चार वर्षांचा विचार असेल तर ३२ घ्या. प्रोसेसर एक पायरी खाली उतरलात तरी चालेल, रॅम उतरू नका. फायली साठवणाऱ्या एसएसडीचं उलट आहे. ती स्क्रूवर बसवलेली असेल तर ५१२ ची घेऊन पुढे बदलता येते. फक्त आत लांब २२८० मापाची जागा आहे की आखूड २२३० ची, तेवढं विचारा, कारण आखूड मापात पर्याय कमी.

आणि एसएसडी काढता येणारीच हवी, याचं माझं कारण वेगळं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते आठवतच असेल. पाणी उतरल्यावर माझ्याकडे लॅपटॉप पोत्यातून आले, अक्षरशः पोत्यातून, गाळाने भरलेले. बोर्ड बहुतेकांचे गेले, वाचवण्यासारखं काही नव्हतं. पण ज्यांची एसएसडी सुटी होती ती काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, वाळवली, दुसऱ्या डबीत बसवली, आणि पुष्कळांचे हिशेब, फोटो, लग्नाचे अल्बम परत मिळाले. ज्यांत स्टोरेज बोर्डलाच पक्कं होतं, त्यांचा बोर्डाबरोबर डेटाही गेला. एका फोटोग्राफरने तो मेलेला लॅपटॉप कितीतरी दिवस माझ्याकडेच ठेवला होता, कदाचित काही होईल म्हणून. तेव्हापासून मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो. आज त्यात एक पुरवणी जोडा. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते, आणि बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खातं कुठलं आणि पासवर्ड काय, हे लॅपटॉप घेतल्याच दिवशी वहीत लिहा.

वडिलांच्या मुद्द्यावर येतो. "हलकं ते तकलादू" हे कपाटाला लागू असेल, लॅपटॉपला उलटं लागू पडतं. जड गेमिंग लॅपटॉपांचं वजन तांब्यात, पंख्यांत आणि मोठ्या स्क्रीनमध्ये असतं. बॉडी कित्येकदा साधं प्लास्टिक. माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी मोडतोड बिजागरीची. झाकणाची बिजागरी लोखंडी आणि ताठ, पण ती ज्या पितळी नटांत आवळलेली असते ते नट प्लास्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले. झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडलं की वर्ष-दोन वर्षांत खुंट्या तडकतात, मग झाकण उघडताना बॉडीच फाकते. अशा खुंट्या मी एपॉक्सीने चिकटवून देतो, पण ते प्लास्टर घातलेलं हाड. दीड किलोचे चांगले लॅपटॉप ॲल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात आणि तिथे बिजागरी धातूत बसते. दुकानात झाकण मधोमध एका बोटाने उघडून बघा. खालचा भाग टेबलावरून उचलला जात नसेल तर बिजागरी नीट जुळवलेली आहे. मग किबोर्डच्या मध्यावर अंगठ्याने दाबा, आणि स्क्रीनचे दोन कोपरे हलकेच विरुद्ध दिशेला पिळून बघा. विक्रेता ओरडेल. ओरडू दे.

धातूच्या बॉडीची एक गंमत, म्हणजे तक्रार. चार्जर लावून मनगट टेकवलं की मुंग्या आल्यासारखं होतं. लोक घाबरून येतात, लॅपटॉपला करंट येतोय म्हणून. तो चार्जरच्या फिल्टरमधून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह असतो. तीन पिनी प्लग आणि घराला खरं अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. गावभागातल्या जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, लॅपटॉपसाठी नाही तर फ्रिज आणि गिझरसाठी तरी.

स्क्रीनबद्दल लांबण लावत नाही. तुम्ही डिझाइन करता, म्हणजे एसआरजीबी हा रंगांचा ठरावीक संच स्क्रीनने १०० टक्के दाखवायलाच हवा. ‘४५ टक्के एनटीएससी’ आणि ‘२५० निट’ असं लिहिलेला पॅनल म्हणजे धुतलेले रंग. तिथे तुम्ही केलेला केशरी क्लायंटच्या फोनवर भलताच दिसेल. ४०० निट उजेड मिळाला तर गाडीतल्या खिडकीपाशीही दिसतं. ओलेड सुंदर असतो, पण काहींना त्याच्या बारीक लुकलुकण्याने डोकं दुखतं, त्यामुळे दुकानात वीस मिनिटं समोर बसून मग ठरवा. २.८के स्क्रीनवर गेम मात्र पूर्ण रिझोल्यूशनला खेळायचा हट्ट नको. १९२० बाय १२०० वर आणा किंवा डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) लावा, १४ इंचांत फरक शोधावा लागतो.

मॅकबुक एअरचं विचारलं नाहीत, पण ऑफिसात कुणीतरी सांगणारच. १३ इंची एअर १.२४ किलोचा, बॅटरी दिवसभर, डिझाइनला छानच. पण व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही. सायबरपंक २०२५ मध्ये मॅकवर आला खरा, पण एअरला पंखाच नाही, आणि लांब खेळात तो तापून मंदावतो. शिवाय स्टोरेज बोर्डवर पक्कं, त्यामुळे माझ्या पोत्यांच्या गोष्टीत तो चुकीच्या बाजूला आहे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम, पण चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर असलेल्या गेमांशी आणि जुन्या प्रिंटर-स्कॅनरच्या ड्रायव्हरशी त्यांचं अजून नीट पटत नाही. खेळणाऱ्याने सध्या त्या वाटेला जाऊ नये.

वेगळ्या ग्राफिक्स चिपशिवाय भागेल का? नुसता व्हॅलोरंट असता तर मी लगेच हो म्हणालो असतो. रेडिऑन ७८०एम किंवा इंटेलचा आर्क १४०व्ही हे प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स तो गेम सहज ओढतात, आणि लॅपटॉप सव्वा किलोत बसतो. सायबरपंकला मात्र तिथे सगळं खाली आणून, एफएसआर (डीएलएसएससारखीच सोय) लावून, तीसेक फ्रेमवर समाधान मानावं लागतं. तुम्ही तो आठवड्यातून किती तास खेळता, खरं सांगा स्वतःला. दोन-तीन तास असेल तर या वाटेचा गंभीरपणे विचार करा. बजेटमध्ये ३२ जीबी रॅमही बसेल.

रोज खेळत असाल तर माझं उत्तर: १४ इंची, दीड ते १.६५ किलो, धातूची बॉडी, टाइप-सी चार्जिंग, सुटी एसएसडी, आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०. या जातीतली नावं म्हणजे आसुसचे झेफिरस जी१४ आणि टफ ए१४, एसरचा स्विफ्ट एक्स १४, एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४. हे साधारण याच वजनात बसतात. पण १ लाख १० हजारांत यातला ३२ जीबीचा ४०६० वाला मिळणं अवघड आहे, तेव्हा काहीतरी सोडावं लागेल. वजन सोडू नका, त्यासाठीच तर हा खटाटोप. नवेपणा सोडा. नवी मालिका आली की मागच्या वर्षीचा साठा दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये उतरतो, आणि मागच्या वर्षीची चिप तुमच्या कामाला शिळी होत नाही. तरीही बसत नसेल तर ४०५० आणि १६ जीबीवर या. तिची मेमरी ६ जीबी, त्यामुळे सायबरपंकचे टेक्स्चर मध्यम ठेवावे लागतील, एवढंच.

ऑनलाइन की दुकानातून, यात मला पडायचं नाही, पण विकत घेण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा: ऑनसाइट वॉरंटीत माणूस सांगलीला घरी येतो, की मला कोल्हापूर-पुण्याला चकरा माराव्या लागतील? एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप नुसत्या किबोर्डसाठी पाच आठवडे सर्व्हिस सेंटरमध्ये पडून होता, आणि त्या पाच आठवड्यांत त्याने माझ्याकडचा जुना लॅपटॉप नेऊन काम केलं. प्रवास करणाऱ्याने अपघाती नुकसानीचं संरक्षण पैसे भरून घ्यावं. एसटीच्या वरच्या फळीवरून बॅग पडली तर साधी वॉरंटी हात वर करते. सील फोडताना व्हिडिओ काढा आणि सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख त्याच दिवशी तपासा. दुकानात महिनोन्‌महिने पडलेल्या डब्याची वॉरंटी कधीकधी आधीच सुरू झालेली असते, बिल दाखवून ती दुरुस्त करून मिळते.

जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका. मोडकी बिजागरी बघून तुमच्या हातावर नगण्य रक्कम ठेवतील. त्याऐवजी तो साफ करून, पेस्ट बदलून, विंडोज ११ टाकून घरीच ठेवा, कारण विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. झाकण मोडकंच राहू दे, घरच्या मॉनिटरला जोडा. वडिलांना वजनदार लॅपटॉप हवाच आहे, त्यांना तो होईल. नव्या लॅपटॉपच्या फायलींची एक प्रत दर रविवारी त्यात टाका, आणि तो वरच्या मजल्यावर ठेवा. नदी काही सांगून येत नाही.